विभाजन-दिनांक आणि खेळाडूची गुणवत्ता : ‘सापेक्ष वया’च्या कल्पनेचा इतिहास

१

थोर खेळाडू जन्मावा लागतो की तो घडवावा लागतो, हा वाद जुना आहे. या वादात ‘जन्म’ हा शब्द बहुधा दोन अर्थांनी योजिला जातो : एक, आनुवंशिक देणगी, दुसरा, घराणे व परिस्थिती. जन्माचा तिसरा आणि सर्वांत साधा अर्थ म्हणजे जन्माची तारीख. तिचा खेळाडूच्या भवितव्याशी काही संबंध असू शकेल, ही गोष्ट फलज्योतिषाच्या कक्षेतली म्हणून खेळाच्या अभ्यासकांनी दीर्घकाळ विचारातच घेतली नाही. परंतु १९८४ व १९८५ या दोन वर्षांत कॅनडातील संशोधकांनी असा संबंध आकड्यांनिशी दाखवून दिला, आणि पुढील तीन दशकांत त्यास अनेक देशांतून पुष्टी मिळाली. या घटनेस ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ असे नाव पडले आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा उगम, तिच्या सिद्धतेचे टप्पे आणि तिला पुढे लागलेले अनपेक्षित वळण यांचा मागोवा घ्यावयाचा आहे. कार्यालयीन सोयीसाठी आखलेली एक रेषा दृष्टीआड झाली की तिचे परिणाम निसर्गदत्त गुण म्हणून कसे ओळखले जाऊ लागतात, हा या इतिहासातील मुख्य मुद्दा होय.

२

मुलांचे वयानुसार काटेकोर गट पाडण्याची पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गसिद्धच वाटते. वस्तुतः ती फार जुनी नाही. फ्रेंच इतिहासकार फिलिप आर्येस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बाल्यविषयक ग्रंथात, मध्ययुगीन शाळांतून लहान मुले व वाढलेले तरुण एकत्रच शिकत असत, हे दाखविले आहे. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेचे चित्रही याहून फारसे निराळे नव्हते. धुळाक्षरे गिरविणारा आणि मोडी वाचणारा असे दोघे एकाच पडवीत बसत. मुलगा कोणत्या पायरीवर आहे हे त्याच्या वयापेक्षा त्याला काय येते यावरून ठरे. अमेरिकेत वर्गवार शाळेचा आरंभ १८४७ च्या सुमारास बॉस्टन येथे स्थापन झालेल्या क्विन्सी शाळेपासून मानतात. सक्तीचे शिक्षण जसजसे पसरले तसतसे वर्ग आणि वय यांचे समीकरण पक्के होत गेले. मुलांच्या खेळांच्या संघटना वाढू लागल्या तेव्हा त्यांनी हीच पद्धत उचलली. थोराड मुलांनी लहानांना चेपू नये, सर्वांना समान संधी मिळावी, हा त्यामागील हेतू होता आणि तो स्तुत्यच होता.

तथापि गट पाडावयाचा म्हटला की एक दिनांक ठरवावा लागतो. त्या दिवशी अथवा त्यानंतर जन्मलेला मुलगा एका गटात, आदल्या दिवशी जन्मलेला दुसऱ्या गटात. या दिनांकास येथे ‘विभाजन-दिनांक’ म्हटले आहे. कॅनडातील आइस हॉकीने त्यासाठी १ जानेवारी निवडली, कारण वर्ष तेथे सुरू होते. इंग्लंडमधील फुटबॉलने १ सप्टेंबर स्वीकारली, कारण शाळेचे वर्ष तेव्हा सुरू होते. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून तेथील रेषा एप्रिलच्या आरंभी पडली. यांपैकी एकाही दिनांकाचा मुलाच्या शरीराशी वा बुद्धीशी काही संबंध नाही.

एकदा गट पडला की भाषा आपले काम करू लागते. ‘बारा वर्षांची मुले’ असे म्हटले की जानेवारीत जन्मलेला व त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला हे दोघे एकाच शब्दाखाली येतात आणि त्यांच्यातील अकरा महिन्यांचे अंतर शब्दातून नाहीसे होते. मराठी बोलीत ‘बारा पुरी झाली’, ‘तेरावे लागले’, ‘तेरावे सरत आले’ असे बारकावे आहेत, आणि घरातील वडीलधारी माणसे ते सहज पाळतात. परंतु अर्जातील रकान्यात त्यांना जागा नसते. रकान्याला केवळ पूर्णांक कळतो.

३

जन्मकाळाचा मनुष्याच्या कर्तृत्वाशी संबंध जोडण्याचा आधुनिक प्रयत्न प्रथम वेगळ्या दिशेने झाला. येल विद्यापीठाचे भूगोलवेत्ते एल्सवर्थ हंटिंग्टन यांनी १९३८ साली जन्माचा ऋतू व मानवी कर्तृत्व यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांचा सारा भर हवामानावर होता. गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत अर्भकास कोणता ऋतू लाभला, यावरून त्याची शक्ती ठरते, अशी त्यांची धारणा होती. येथे जन्मतारीख विचारात आली, परंतु कारण मात्र आकाशातून शोधले गेले.

दुसरा प्रयत्न शिक्षणशास्त्राच्या क्षेत्रातला. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील शिक्षणाभ्यासकांना असे आढळू लागले की उन्हाळ्यात जन्मलेली मुले शाळेत मागे पडतात व मंद मुलांच्या तुकड्यांत त्यांचे प्रमाण अधिक असते. याचा उलगडा ऋतूवरून करावा, तर उन्हाळ्यात जन्मणे हे बुद्धीला बाधक मानावे लागेल. शाळेच्या वर्षावरून करावा, तर एवढेच म्हणावे लागते की ही मुले आपल्या वर्गातील सर्वांत लहान मुले आहेत. हे दोन्ही उलगडे पुढे खेळाच्या क्षेत्रातही समोरासमोर यावयाचे होते, आणि निर्णायक पुरावाही तेथेच मिळावयाचा होता.

४

१९८४ साली क्वेबेक प्रांतातील सिमों ग्रोंदँ व त्यांचे सहकारी यांनी हॉकी व व्हॉलीबॉल या खेळांतील सहभाग आणि खेळाडूंच्या जन्माची तिमाही यांचा संबंध तपासणारा निबंध फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दुसऱ्या टोकाच्या आल्बर्टा प्रांतात हीच गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात आली. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली हे लेथब्रिज येथे ब्राँकोज या कुमार संघाचा सामना पाहत असता त्यांच्या पत्नी पॉला यांचे लक्ष कार्यक्रमपत्रिकेतील खेळाडूंच्या जन्मतारखांकडे गेले. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे महिने त्या यादीत पुनःपुन्हा येत होते. बार्न्सली यांनी मग कुमार संघांच्या व राष्ट्रीय हॉकी लीगमधील व्यावसायिक खेळाडूंच्या जन्मतारखा जमविल्या आणि १९८५ साली टॉम्पसन व पॉला बार्न्सली यांच्या समवेत निबंध प्रसिद्ध केला. ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ हा शब्दप्रयोग त्या निबंधाच्या शीर्षकातच होता. फ्रेंच निबंध एक वर्ष आधीचा असूनही प्रदीर्घ काळ इंग्रजी निबंधच अधिक उद्धृत होत राहिला. ज्ञानाच्या प्रसारात भाषेचा वाटा किती असतो याचे हे एक बोलके उदाहरण होय. पुढे २००१ साली स्वतः ग्रोंदँ यांनी जर्मन मानसशास्त्रज्ञ योखेन मुश यांच्यासह या विषयाचा समग्र आढावा इंग्रजीत घेतला, तेव्हा हा तोल काहीसा सावरला.

कॅनडात वर्षाच्या बारा महिन्यांत होणाऱ्या जन्मांत फारसा चढउतार नसतो. असे असूनही उच्च प्रतीच्या हॉकी संघांत जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत संख्या पायरीपायरीने उतरत जाते. २००८ साली या संशोधनाचा सामान्य वाचकांत प्रसार करणारे लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी त्याचे स्थूल प्रमाण असे दिले : सर्वोत्तम खेळाडूंच्या कोणत्याही गटात पहिल्या तिमाहीत जन्मलेले शेकडा ४०, दुसऱ्या तिमाहीतील ३०, तिसऱ्या तिमाहीतील २० आणि शेवटच्या तिमाहीतील १०.

या वयोगटांची नावे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावीत अशी आहेत. कॅनडाच्या बालहॉकीत ॲटम, पीवी, बँटम, मिजेट असे गट होते. पहिले नाव अणूचे. दुसऱ्याचा अर्थ चिमुकला. तिसरे एका लहानखुऱ्या कोंबड्याच्या जातीचे, जे मुष्टियुद्धातील एका वजनगटासही लाभले. चौथे ठेंगण्या माणसाचे. म्हणजे नावे सर्व आकारमानाची, आणि विभागणी मात्र वयाची. नाव उच्चारताच असा समज व्हावा की गटातील मुले आकाराने सारखी आहेत. प्रत्यक्षात तेथे सारखा होता तो फक्त दाखल्यावरील सन.

५

अकरा महिन्यांचे अंतर मोठेपणी नगण्य असते. पंचविशीतील माणसाला जानेवारीत जन्मलो की डिसेंबरात, याने काहीच फरक पडत नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिने म्हणजे त्याच्या उभ्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा होय. उंची, वजन, वेग, सामन्यातील समज या सर्वांत तो हिस्सा दिसतो. याच वयाच्या आसपास प्रशिक्षक निवड करतात. त्यांना शक्ती दिसते. ती शक्ती किती महिन्यांची आहे हे दिसत नाही.

इतकेच झाले असते तर पुढे वाढीबरोबर भेद आपोआप मावळला असता. परंतु निवड झालेल्या मुलास चांगला प्रशिक्षक लाभतो, सराव अधिक होतो, सामने अधिक मिळतात, तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटतात. न निवडलेला मुलगा यांपैकी सर्वांनाच मुकतो. तीनचार वर्षांनी पुन्हा पाहावे तो निवडलेला मुलगा खरोखरच अधिक चांगला खेळाडू झालेला असतो, आणि निवडकर्त्यास आपली पारख अचूक ठरल्याचे समाधान मिळते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली ‘स्वतःलाच खरे करून दाखविणारे भाकीत’ अशी जी संकल्पना मांडली, तिचे इतके निर्भेळ उदाहरण क्वचितच सापडेल. येथे कोणी अन्याय करण्याचा हेतू धरलेला नाही. प्रशिक्षक प्रामाणिक आहे, नियम सर्वांना सारखा आहे. तरीही परिणाम मात्र एकतर्फी आहे.

याची दुसरी बाजू गळतीची. बार्न्सली व टॉम्पसन यांनी १९८८ साली एडमंटन येथील बालहॉकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आरंभी जन्मलेली मुले वरच्या श्रेणीच्या संघांत अधिक आढळली, उत्तरार्धात जन्मलेली खालच्या श्रेणीत, आणि पुढे खेळ सोडून जाणाऱ्यांतही या दुसऱ्यांचेच प्रमाण अधिक होते. बेल्जियममध्ये वेर्नर हेल्सेन व त्यांचे सहकारी यांना १९९८ मध्ये असे आढळले की निवड-वर्षाच्या अखेरीस जन्मलेली मुले बाराव्या वर्षापासूनच फुटबॉल सोडू लागतात. आपल्याला खेळ येत नाही, असा या मुलांचा समज झालेला असतो. हा समज त्यांच्यापुरता मोजमापांवर आधारलेलाही असतो. फक्त मोजपट्टीचा आरंभ कोठून धरला आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

६

एवढ्यावरूनही हवामानवाद्यांचा आक्षेप संपत नव्हता. कॅनडात जानेवारी ते मार्च हा कडक थंडीचा काळ. त्या काळी जन्मलेली मुले मूळचीच अधिक कणखर असतील, असे कोणी म्हणू शकले असते. याचे उत्तर एकाच मार्गाने मिळण्यासारखे होते. जेथे विभाजन-दिनांक निराळा आहे तेथे काय दिसते, हे पाहावयास हवे होते.

१९९४ साली ॲम्स्टरडॅमचे आड डुडिंक यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात डच व इंग्लिश फुटबॉलपटूंच्या जन्मतारखांवर एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. नेदरलँड्समध्ये तेव्हा रेषा १ ऑगस्टला होती, इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरला. आणि जन्मांची गर्दी त्या त्या रेषेलगतच्या महिन्यांत होती. इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉलमध्ये १९९० नंतरच्या दशकात एका वेळी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जन्मलेले २८८ खेळाडू होते, तर जून ते ऑगस्ट या काळात जन्मलेले केवळ १३६. १९९९ मध्ये मुश व हे यांनी जर्मनी, ब्राझील, ऑस्ट्रेलिया व जपान या चार देशांची तुलना केली. यांतील दोन देश दक्षिण गोलार्धातले, म्हणजे ऋतू उलटे. तरी परिणाम सर्वत्र तोच. ऑस्ट्रेलियात विभाजन-दिनांक बदलल्यानंतर काही वर्षांनी व्यावसायिक खेळाडूंच्या जन्ममहिन्यांची गर्दीही त्या दिशेने सरकली.

निर्णायक पुरावा बेल्जियमने दिला. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या धोरणास अनुसरून १९९७ साली बेल्जियमने आपली रेषा १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. प्रयोगशाळेत करता न येणारा प्रयोग अशा रीतीने एका कार्यालयीन ठरावाने घडून आला. हेल्सेन, स्टार्क्स व व्हान विंकेल यांनी १९९६-९७ व १९९७-९८ या दोन हंगामांतील कुमार खेळाडूंची तुलना करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जन्मलेली मुले ‘गुणवान’ ठरत होती. रेषा हलताच जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले गुणवान ठरू लागली. देश तोच, हवामान तेच, प्रशिक्षकही बहुतांशी तेच. बदलला तो एक दिनांक.

२००९ साली कोबली, बेकर व त्यांचे सहकारी यांनी १९८४ ते २००७ या काळातील ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले; त्यांत १४ खेळ व १६ देश समाविष्ट होते. परिणाम सर्वत्र सारखा नव्हता. पंधरा ते अठरा या वयात, प्रातिनिधिक संघांच्या पातळीवर, लोकप्रिय खेळांत तो सर्वाधिक होता. स्त्रियांच्या खेळांत सामान्यतः सौम्य होता. ज्या खेळात थोराड शरीराचा विशेष लाभ नाही, उदाहरणार्थ जिम्नॅस्टिक्स, तेथे तो क्षीण होतो. म्हणजे जेथे शरीर मोठे असण्याला भाव आहे आणि जागांपेक्षा इच्छुक अधिक आहेत, तेथेच रेषेचे सामर्थ्य वाढते.

७

येथवरचा इतिहास सरळ आहे. त्यास पुढे मिळालेले वळण मात्र प्रथमच्या संशोधकांना अपेक्षित नव्हते. २०१२ मध्ये गिब्स, जार्व्हिस व डुफर यांनी कॅनेडियन खेळाडूंची पातळीवार तपासणी केली, तेव्हा असे दिसले की जसजसे सर्वोच्च श्रेणीकडे जावे तसतसा हा परिणाम कमी होतो आणि अगदी शिखरावर काही प्रमाणात उलटतो. २०१३ मध्ये डीनर, लोवेन व कोबली यांनी १९८० ते २००७ या काळात राष्ट्रीय हॉकी लीगच्या वार्षिक निवडीत घेतलेल्या कॅनेडियन खेळाडूंचा हिशेब मांडला. पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू निवडीत शेकडा ३६ होते. परंतु पुढे खेळल्या गेलेल्या सामन्यांत त्यांचा वाटा शेकडा २८ आणि गुणांत २५ एवढाच निघाला. उलट वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले निवडीत शेकडा ३४ असून त्यांनी सामन्यांचा शेकडा ४२ व गुणांचा ४४ वाटा उचलला.

या आकड्यांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला असा की मोठ्या मुलांच्या धक्काबुक्कीत टिकून राहण्यासाठी लहान मुलास कौशल्य, चपळता व चिकाटी यांची कास धरावी लागते. शरीरे बरोबरीस आली की ही मिळकत त्याच्या पदरी उरते. दुसरा असा की जो लहान असूनही गाळला गेला नाही, तो मुळातच असामान्य असला पाहिजे. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतील. परंतु यावरून वर्षाच्या अखेरीस जन्मणे हेच भाग्याचे, असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष होय. हा हिशेब टिकलेल्यांचा आहे. बाराव्या वर्षी ज्यांनी स्केट खुंटीला टांगले त्यांचे नाव या कोष्टकात येत नाही, आणि हानी मोजावयाची तर ती तेथेच मोजली पाहिजे. उलट हे आकडे निवडकर्त्यांच्या चुकीचा भक्कम पुरावा आहेत : सतरा-अठरा वर्षांच्या तरुणांची पारख करतानाही त्यांना महिन्यांचा प्रभाव झटकता आलेला नाही.

८

हा सारा विचार एका गृहीतावर उभा आहे : जन्माची नोंद खरी असली पाहिजे. या ठिकाणी भारताचा प्रश्न निराळा होतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा येथे १९६९ साली झाला. त्याआधी, आणि खेड्यापाड्यांतून त्यानंतरही बराच काळ, महाराष्ट्रात मुलाची जन्मतारीख पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावरच जन्माला येई. शाळा जूनमध्ये उघडे. आईबापांस नक्की तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून घेत. अशा समाजात जन्ममहिन्याचे कोष्टक हे मुलांचे कोष्टक न राहता लेखनिकाच्या सवयीचे कोष्टक ठरण्याचा धोका असतो. क्रीडाक्षेत्रात याच सैलपणाचा गैरफायदाही घेतला गेला. वय चोरून खालच्या गटात खेळविण्याच्या प्रकारावर राहुल द्रविड यांनी २०१५ सालच्या पतौडी स्मृतिव्याख्यानात कठोर टीका केली होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने कुमार खेळाडूंच्या वयाच्या पडताळणीसाठी टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने मनगटाच्या हाडांची तपासणी स्वीकारली आहे. दाखल्यावरील तारखेऐवजी शरीराची वाढ पाहावी, हा विचार येथे फसवणूक रोखण्यासाठी आला.

तोच विचार इंग्लंडमध्ये न्याय्य विभागणीसाठी आला. तेथील फुटबॉलच्या प्रशिक्षण-केंद्रांनी २०१० नंतरच्या दशकात काही स्पर्धांपुरते मुलांचे गट वयाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार पाडून पाहिले. महाराष्ट्रातील जत्रेच्या फडात कुस्तीची जोड लावताना पंच पोरांची अंगलट पाहतात, जन्मदाखला मागत नाहीत. तत्त्व याहून फार वेगळे नाही. दुसरा उपाय २०१७ साली डेव्हिड मान व प्लून फान खिनेकेन यांनी दाखविला. निवडकर्त्यांना मुलांच्या जन्मतारखांची यादी दिली तरी त्यांचा कल तसाच राहिला. परंतु मुलांच्या सदऱ्यांवरील क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आहेत असे सांगताच तो नाहीसा झाला. माहिती कागदावर असणे आणि ती पाहताक्षणी डोळ्यांपुढे असणे यांत किती अंतर आहे, हे या प्रयोगावरून ध्यानात येते.

कॅनडाने वयोगटांची जुनी नावेही टाकून दिली. ठेंगण्या व्यक्तींना मिजेट हा शब्द अपमानास्पद वाटतो, या कारणावरून हॉकी कॅनडाने २०१९ साली निर्णय घेऊन सर्व गटांना ‘अकरा वर्षांखालील’, ‘तेरा वर्षांखालील’ अशी नावे दिली. नावे आता खरी झाली. जे मोजले जाते तेच ती सांगतात. परंतु १ जानेवारीची रेषा होती तेथेच आहे.

तात्पर्य, गट पाडल्यावाचून मुलांचे खेळ चालावयाचे नाहीत आणि गट पाडला की रेषा आलीच. रेषा कोठेही आखली तरी तिच्यालगत कोणी तरी सर्वांत मोठा आणि कोणी तरी सर्वांत लहान राहणारच. म्हणून रेषा हलविणे हा उपाय नव्हे. बेल्जियमच्या अनुभवाने तिचा भार केवळ एका महिन्याच्या मुलांवरून दुसऱ्या महिन्याच्या मुलांवर जातो हे स्पष्ट केले आहे. निवड शक्य तितकी उशिरा करणे, ती पुनःपुन्हा तपासणे, आणि निवड करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुलाचे वय महिन्यांत ठेवणे, एवढेच मनुष्याच्या हाती आहे. जून ते जून चालणाऱ्या येथील शाळांतूनही वर्गातील सर्वांत लहान मुले दरसाल कोठल्या ना कोठल्या रेषेच्या चुकीच्या बाजूस बसलेली असतात. त्यांच्या प्रगतिपुस्तकावरील शेऱ्यात गुणवत्ता किती आणि महिने किती, हा प्रश्न येथील शिक्षणाच्या व खेळाच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे. आता जन्मनोंदणी बरीच विश्वसनीय झाल्यामुळे त्यासाठी लागणारी सामग्रीही उपलब्ध होऊ शकेल.